हा फोटो कोणत्या कॉलमचा?

स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याच्या मजबुतीच्या तपासणीच्या, अहवालात सगळ्यांत जास्त पाहिली जातात ती फोटोंची पाने. सोसायटीच्या सभेत अहवालाची प्रत हातोहात फिरते तेव्हा चाचण्यांचे तक्ते भराभर उलटले जातात आणि गिलावा सुटून सळई उघडी पडलेल्या एखाद्या फोटोशी बोट येऊन थांबते. मग पहिला प्रश्न ठरलेला असतो, की हा कॉलम नेमका कुठला. कोल्हापुरात इमारतींच्या तपासणीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर मला फोन न करता अहवालातच मिळाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. मजकूर आणि फोटो डेटाबेसमधून घेऊन अहवाल आपोआप तयार करण्याची पद्धत आमच्या कार्यालयाने बसवली, ती वेळ वाचवण्यासाठी असावी असे पाहणाऱ्याला वाटते. वेळ वाचतोही. पण फोटो आणि त्याविषयीचे वाक्य यांची ताटातूट होत नाही, हे त्या पद्धतीचे मोल मला कितीतरी अधिक वाटते.

या कामाला आपल्या शहरात दोन कारणांनी निकड आली आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचे असते, आणि राजारामपुरी, ताराबाई पार्क, शाहूपुरी या भागांतली १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेली अपार्टमेंट आता या वयात आली आहेत. दुसरे कारण पंचगंगेचे. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात; ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेले आणि सखल भागांतल्या कित्येक इमारतींचे पार्किंग दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले.

पुराच्या पाण्याने काँक्रीट विरघळत नाही. नुकसान होते ते हळूहळू. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ च्या आसपास असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो तसा हा पीएच ९ च्या जवळ उतरतो आणि तो थर नाहीसा होतो. त्यानंतर ओल मिळाली की सळई गंजू लागते, गंज मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि सळईवरचे काँक्रीटचे आवरण, म्हणजे कव्हर, आतून फुटून पडते. ही ओल कॉलमच्या पायथ्याशी, गिलाव्याच्या आड, सर्वांत जास्त काळ टिकते. त्यामुळे एकाच पार्किंगमधल्या पाचसहा कॉलमना एकाच उंचीवर एकाच तऱ्हेची इजा झालेली असते, आणि जवळून काढलेले त्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर ज्याने ते काढले त्यालासुद्धा दुसऱ्या दिवशी ते वेगळे ओळखता येत नाहीत.

हाताने अहवाल करण्याची रूढ पद्धत अजूनही बहुतेक ठिकाणी चालू आहे. एक जण हातोडी घेऊन कॉलम ठोकून पाहतो आणि बोलतो, दुसरा वहीत लिहितो, तिसरा मोबाइलवर फोटो काढतो. संध्याकाळी फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतात, वही कार्यालयातल्या टेबलावर येते, आणि यांतल्या कशालाच उपस्थित नसलेला कोणी तरी वर्डमध्ये बसून फोटो ओढत, त्यांखाली ओळी लिहीत जातो. मध्येच एक फोटो वाढवावा लागला की पुढचे सगळे क्रमांक बदलतात, पण मजकुरातले ‘छायाचित्र क्र. १४ पाहा’ तसेच राहते. शिवाय नवा अहवाल सहसा जुन्या अहवालाच्या प्रतीवरच लिहिला जातो.

शाहूपुरीतल्या एका सोसायटीत आम्ही गेलो तेव्हा तिथल्या सचिवांनी, जे निवृत्त शिक्षक आहेत, आधीच्या सल्लागाराचा अहवाल माझ्यापुढे ठेवला. “साहेब, हा सात नंबरचा फोटो आमच्या इमारतीतला नव्हे ओ. आमच्या पार्किंगला पहिल्यापासनं पांढरा रंग आहे आणि हा कॉलम निळा दिसतोय,” ते म्हणाले. त्यांचे निरीक्षण अचूक होते. त्या अहवालातले बाकीचे बरेचसे म्हणणे बरोबर होते, आणि लिफ्टजवळच्या एका कॉलमला तातडीने टेकू देण्याची सूचना तर अगदी योग्य होती. पण एक फोटो परका निघाल्यावर सभासदांचा सगळ्याच पानांवरचा विश्वास उडाला आणि दुरुस्तीचा ठराव लांबणीवर पडला. ज्या कॉलमवर वरच्या सगळ्या मजल्यांचा भार होता त्याला या विलंबाची किंमत मोजावी लागत होती. अहवालातली अशी चूक कागदावर लहान दिसते म्हणून तिला लहान म्हणणे मला मान्य नाही.

म्हणून डेटाबेसची मांडणी आम्ही घटकापासून सुरू केली. इमारतीच्या आराखड्यावर एका दिशेच्या ओळींना ए, बी, सी आणि दुसऱ्या दिशेच्या ओळींना १, २, ३ अशी नावे दिली की प्रत्येक कॉलमला आपोआप पत्ता मिळतो: तळमजला, बी-४. तुळईला दोन कॉलमांमधला पत्ता मिळतो, स्लॅबच्या तुकड्याला चार कॉलमांमधला. जुन्या इमारतींचे आराखडे अनेकदा सापडत नाहीत, तेव्हा तपासणीचा पहिला सबंध दिवस फीत घेऊन मोजमाप करण्यात आणि रेखाटन करण्यात जातो. तो दिवस वाया गेला असे सोसायटीला वाटते, पण त्यावाचून पुढचे काहीच उभे राहत नाही. इमारतीखाली मजले, मजल्याखाली घटक, घटकाखाली निरीक्षणे आणि निरीक्षणाखाली फोटो, असे हे तक्ते एकमेकांना जोडलेले आहेत, आणि ज्या घटकाला पत्ता नाही त्याचे निरीक्षण नोंदवताच येत नाही. फोटो निरीक्षणाच्या पोटातूनच काढावा लागतो. आधी फोटो काढून मग तो कुठे बसवायचा हे ठरवण्याची सोय आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. फोटोखालची ओळ कोणी टंकित करत नाही, ती घटकाचा पत्ता, दोषाचा प्रकार आणि मोजलेले माप यांवरून तयार होते. फोटोचा क्रमांकही अहवाल छापताना पडतो, त्यामुळे मजकुरातला उल्लेख आणि फोटो कायम एकत्र हलतात.

याला जोड म्हणून साइटवरची एक साधी शिस्त आहे. प्रत्येक दोषाचा एक फोटो लांबून घ्यायचा, ज्यात आजूबाजूची ओळखीची वस्तू, म्हणजे जिना, मीटरची खोली किंवा फाटक, दिसेल; आणि एक जवळून, ज्यात माप दाखवणारी पट्टी आणि घटकाचा पत्ता लिहिलेली पाटी असेल. पाटी फोटोतच असली की पुढे यंत्रात काहीही बिघडले तरी फोटो स्वतःची ओळख सांगू शकतो.

फोटो डेटाबेसच्या आत ठेवावेत की बाहेर, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, आणि आजच्या मोबाइलचा एक फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो. चारपाचशे फोटोंतच ती मर्यादा गाठली जाते. म्हणून फोटो फोल्डरमध्ये आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा मार्ग, ही वाट आम्ही धरली. तिचा तोटा असा, की कोणी फोल्डरचे नाव बदलले की दुवा तुटतो; त्यासाठी अहवाल तयार होण्यापूर्वी प्रत्येक मार्गावर फाइल खरोखर आहे की नाही हे तपासले जाते, आणि एक जरी फाइल सापडली नाही तरी अहवाल तयारच होत नाही. रिकामी चौकट असलेला अहवाल बाहेर जाण्यापेक्षा तो अडलेला बरा.

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेल्या फोटोचा आकार तर घटतोच, शिवाय त्यात दडलेली वेळ आणि ठिकाण यांची एक्झिफ माहितीही पुसली जाते, म्हणून फोटो मोबाइलमधून थेट कार्यालयाच्या साठ्यात जातात. त्याच एक्झिफमध्ये फोन आडवा धरला होता की उभा याची खूण असते. मोबाइल ती खूण वाचून फोटो सरळ दाखवतो, पण कित्येक प्रोग्रॅम ती वाचत नाहीत आणि अहवालात कॉलम आडवे पडलेले छापले जातात. तेव्हा फोटो वापरण्याआधी त्याची एक प्रत करून ती खरोखरच फिरवून आणि लहान करून घ्यावी लागते. ८ सेंटीमीटर रुंदीचा फोटो इंचाला ३०० ठिपके धरून छापायचा तर साधारण ९५० पिक्सेल रुंदी पुरते, आणि एवढे केल्याने शेदोनशे एमबीची पीडीएफ ईमेलने पाठवता येईल इतकी हलकी होते. मूळ फोटोला मात्र हात लावायचा नाही. तो आला त्याच क्षणी त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून निघणारी तिची जणू बोटांच्या ठशासारखी खूण, काढून डेटाबेसमध्ये नोंदवला जातो, म्हणजे पुढे फाइलमधला एक ठिपका बदलला तरी हॅश जुळणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्रातही हॅशची जागा आहे. सोसायटी आणि बिल्डर यांचा वाद न्यायालयात जातो तेव्हा या तयारीचा उपयोग होतो.

अहवालाचा साचा आम्ही वर्डमध्येच ठेवला, कारण त्यातली भाषा सुधारणारे हात अभियंत्यांचे आहेत, प्रोग्रॅमरचे नाहीत. वर्डचा मेल मर्ज, म्हणजे एकाच साच्यात यादीतली माहिती भरण्याची सोय, पत्रांसाठी उत्तम आहे, पण एका घटकाखाली तीन निरीक्षणे आणि एका निरीक्षणाखाली दोन फोटो अशी उतरंड त्याला झेपत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या डॉक्सटीपीएल या लायब्ररीने, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचाने, ते सोपे झाले: साच्यात खुणा लिहायच्या, ओळी किती वेळा फिरवायच्या ते सांगायचे, फोटोची रुंदी द्यायची.

मराठी अहवालाची अडचण वेगळी होती, आणि मला ती जास्त जिव्हाळ्याची वाटते. ज्या सभासदांच्या घरावर हा अहवाल आहे त्यांपैकी पुष्कळांना इंग्रजी अहवाल वाचून उमगत नाही, म्हणून अहवाल मराठीत द्यायचाच असे आम्ही ठरवले. पण पीडीएफ तयार करणाऱ्या अनेक साध्या लायब्रऱ्यांना जोडाक्षरे जुळवता येत नाहीत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते. तसेच जुन्या, युनिकोड हा सर्वमान्य अक्षरसंकेत न पाळणाऱ्या फाँटमध्ये साठवलेला मजकूर शोधताही येत नाही आणि वर्णक्रमाने लावताही येत नाही. अखेर सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणून, वर्डची फाइल तयार करून ती लिबरऑफिस या प्रोग्रॅमकडून पीडीएफ करून घेण्याचा मार्ग निर्धोक ठरला. दोषांचे प्रकार डेटाबेसमध्ये सांकेतिक असल्यामुळे महापालिकेला किंवा बँकेला इंग्रजी प्रत हवी असेल तर त्याच नोंदींतून तीही निघते, आणि दोन्ही प्रतींतली मापे वेगळी पडत नाहीत.

इथवर यंत्राने जे केले ते सगळे जुळवाजुळवीचे काम आहे, आणि ते त्याने माणसापेक्षा चांगले केले आहे. पुढचे पाऊल टाकण्याचा मोह मात्र जपून आवरावा लागतो. तयार वाक्यांची यादी एकदा हाताशी आली की अभिप्रायही यादीतूनच निवडला जाऊ लागतो. ‘कव्हर सुटलेले आहे, सळई गंजलेली आहे, पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती करावी’ हे वाक्य प्रत्येक कॉलमखाली येऊ लागते, आणि दहाव्या कॉलमपर्यंत लिहिणाऱ्याने पाहणेच थांबवलेले असते. म्हणून आमच्याकडे काय दिसले आणि किती मोजले यासाठी यादी आहे, पण अभियंत्याच्या मताचा रकाना कोरा उघडतो आणि तो ज्याने कॉलम पाहिला त्यानेच भरायचा असतो. धोकादायक इमारतींचे सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ असे जे वर्ग केले जातात, म्हणजे ताबडतोब पाडणे, रिकामी करून दुरुस्त करणे, राहते ठेवून दुरुस्त करणे आणि किरकोळ दुरुस्ती, तो वर्गही सूत्राने काढायचा नाही असा आमचा नियम आहे. किती तरी कुटुंबांनी सामान बांधून बाहेर पडायचे की नाही, हे त्या एका अक्षरावर आणि आकड्यावर ठरते.

सूत्र अपुरे का पडते ते आकड्यांतूनच दिसते. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात साधारण परिस्थितीत भेगेच्या रुंदीची मर्यादा ०.३ मिलिमीटर धरली आहे. समजा दोन कॉलमांवर ०.४ मिलिमीटरची भेग सापडली. एकावर ती नुसत्या गिलाव्यात, वेडीवाकडी, आणि दुसऱ्यावर सळईच्या रेषेत उभी, खालपासून वर गेलेली. डेटाबेसला दोन्ही नोंदी सारख्याच, पण पहिली रंगकामाच्या वेळी भरून निघेल आणि दुसरीच्या आत गंज काम करतो आहे. पृष्ठभागावर आपटून काँक्रीटचा कठीणपणा मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरच्या आकड्यांचेही असेच आहे: पृष्ठभाग ओला असेल तर आकडा कमी येतो, आणि कार्बोनेशनने, म्हणजे वर सांगितलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मुरण्याने, पृष्ठभाग कडक झालेला असेल तर तो फसवा जास्त येतो. पुरानंतरच्या पार्किंगमध्ये दोन्ही गोष्टी एकाच कॉलमवर असू शकतात. म्हणून हॅमरच्या आकड्याशेजारी पृष्ठभाग कोरडा होता की ओला, आणि फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारे रसायन टाकल्यावर काँक्रीट किती खोलीपर्यंत गुलाबी झाले नाही, हे भरल्याशिवाय ती नोंद आम्ही पूर्ण मानत नाही.

हल्ली फोटो पाहून वर्णन लिहिणारी यंत्रेही आली आहेत आणि ती वापरावीत का असे तरुण सहकारी विचारतात. एखादा फोटो चुकीच्या गटात गेला आहे हे दाखवून देण्यासाठी ती जरूर वापरावीत. परंतु कव्हर सळईपासून सुटलेले असूनही अजून पडलेले नसते तेव्हा फोटोत अखंड, गुळगुळीत कॉलम दिसतो आणि हातोडी ठोकल्यावर पोकळ आवाज येतो; तो आवाज ऐकलेल्या माणसानेच लिहिला पाहिजे.

सगळ्यांत जास्त आग्रह मी धरतो तो एका वेगळ्या नोंदीचा. सुरुवातीच्या रचनेत एखाद्या घटकाखाली निरीक्षण नसेल तर अहवालात त्याचा उल्लेखच येत नसे, आणि वाचणारा साहजिकच समजे की तिथे सर्व ठीक आहे. प्रत्यक्षात त्या फ्लॅटला कुलूप असते, मालक पुण्याला असतो, कॉलमवर संगमरवरी फरशी चढवलेली असते, छताला पीओपी केलेले असते, नाही तर पार्किंगच्या कोपऱ्यात जुन्या फर्निचरचा ढीग असतो. आता प्रत्येक घटकाला तीनपैकी एक स्थिती द्यावीच लागते: पाहिले आणि दोष आढळला, पाहिले आणि दोष आढळला नाही, पाहता आले नाही. तिसऱ्या स्थितीचे कारण लिहावे लागते, बंद दाराचा किंवा फरशीचा फोटोही घ्यावा लागतो, आणि अशा सर्व घटकांचा तक्ता अहवालाच्या पहिल्या काही पानांतच छापला जातो. सोसायट्यांना हा तक्ता आवडत नाही. काही जण तो शेवटी टाका म्हणतात, काही जण काढूनच टाका म्हणतात. आम्ही काढत नाही. जो कॉलम कोणी पाहिला नाही त्याच्या सुरक्षिततेवर कोणाची तरी सही आहे असा समज घेऊन वरच्या मजल्यावर माणसे झोपत असतील, तर तो समज आमच्या अहवालाने निर्माण केलेला असता कामा नये. या तक्त्याचा एक चांगला परिणामही पाहायला मिळाला: आपल्या फ्लॅटचा क्रमांक त्यात पाहून बाहेरगावचे काही मालक किल्ली पाठवतात, आणि दुसऱ्या भेटीत त्या खोल्या पाहता येतात.

पुढच्या ऑडिटच्या वेळी याच नोंदींचा अधिक उपयोग होईल. ३ किंवा ५ वर्षांनी बी-४ समोर उभे राहिल्यावर मागचा फोटो मोबाइलवर उघडायचा आणि तेवढ्याच अंतरावरून, त्याच बाजूने नवा घ्यायचा, म्हणजे भेग वाढली की थांबली हे दोन मापांवरून सांगता येईल. पण पुढचे ऑडिट आमच्याकडेच येईल असे नाही, येऊही नये असे कधी कधी वाटते, कारण दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेले बरे असते. म्हणून अहवालासोबत मूळ फोटोंचे फोल्डर, निरीक्षणांची साधी सीएसव्ही फाइल आणि घटकांच्या पत्त्यांचा आराखडा आम्ही सोसायटीच्या हवाली करतो. सीएसव्ही यासाठी, की ती उघडायला आमचा प्रोग्रॅम लागू नये. कॉलमवर पत्ते रंगवून ठेवावेत अशी विनंतीही करतो. जिथे भिंतींवर आकडे नको असतात तिथे कॉलमच्या माथ्याशी, तुळईच्या लगेच खाली, पत्र्याची छोटी पट्टी बसवून देतो, कारण खाली लावलेली पट्टी पुढच्या पुरात टिकत नाही.